जखमी सैनिक आणि संगीत: सूर-ताल शरीरात नेमके काय करतात

मंडणगड-दापोलीपासून सावंतवाडीपर्यंत कोकणात अशी अनेक गावे आहेत, जिथल्या घरांतून पिढ्यान्‌पिढ्या कोणी ना कोणी सैन्यात गेलेले आहे. दापोलीला जुनी माणसे ‘कॅम्प’ म्हणत आली, कारण ब्रिटिश काळात तेथे लष्करी छावणी होती आणि अनेक निवृत्त शिपायांनी व सुभेदारांनी तेथेच घरे केली. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे वडील सुभेदार रामजी सकपाळ यांचे मूळ गाव आंबडवे हे मंडणगड तालुक्यातले, आणि निवृत्तीनंतर तेही काही काळ दापोलीत राहिले. माणगाव तालुक्यातील पळसगावचे नाईक यशवंत घाडगे १९४४ मध्ये इटलीत लढताना धारातीर्थी पडले आणि त्यांना मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. अशा वीरांचे पुतळे उभे राहतात, त्यांच्या स्मरणाचे कार्यक्रम होतात, आणि ते योग्यच आहे. मात्र जे जिवंत परतले, पण पाय गमावून, कानात कायमचा गुणगुणाट घेऊन किंवा रात्रीची झोप हरवून परतले, त्यांच्याविषयी आपण फार कमी बोलतो.

अशा सैनिकांच्या उपचारांत संगीताचा उपयोग जगात अनेक ठिकाणी पद्धतशीरपणे केला जातो. संगीताने मन प्रसन्न होते, हे भजनाला बसणाऱ्या प्रत्येकाला ठाऊक आहे आणि तेवढे सांगण्यासाठी लेख लिहिण्याची गरज नाही. बिघडलेल्या चालण्यात, अडलेल्या बोलण्यात किंवा सतत सावध राहून थकलेल्या मनात सूर-तालामुळे शरीराच्या पातळीवर कोणता बदल होतो, तो कोणाच्या देखरेखीखाली घडवावा लागतो आणि संगीत कोठे अपाय करू शकते, हे समजून घेणे अधिक महत्त्वाचे आहे. माझ्या मते संगीताचा गुण त्याच्या गोडव्यात जेवढा आहे त्याहून अधिक त्याच्या ठरलेल्या क्रमात आहे, आणि तो गुण नुसते ऐकणाऱ्यापेक्षा स्वतः गाणाऱ्या-वाजवणाऱ्याला जास्त लागू पडतो.

हे कळण्यासाठी आधी युद्धाचा कानावर काय परिणाम होतो ते पाहिले पाहिजे. आघाडीवरच्या जवानासाठी प्रत्येक आवाज ही माहिती असते. गोळा आपल्याकडे येतो आहे की दूर जातो आहे, अंधारात मोडलेली काडी आपल्या सोबत्याच्या पायाखालची आहे की आणखी कोणाच्या, यावर जीव अवलंबून असतो. मेंदूच्या आत ‘अमिग्डाला’ नावाचा एक लहानसा भाग आहे, ज्याचे मुख्य काम धोका ओळखणे हे आहे. अनपेक्षित आवाज आला की ‘हे काय असावे’ असा विचार आपण करण्यापूर्वीच त्याच्यामुळे छाती धडधडू लागते, स्नायू ताठ होतात आणि श्वास उथळ होतो. कपाळामागचा, विचार करणारा भाग क्षणभराने ‘काही नाही, दार आपटले’ अशी खात्री करून त्याला शांत करतो. महिनोन्‌महिने जिवावरच्या प्रसंगांत राहिलेल्या किंवा एखाद्याच भयंकर स्फोटातून वाचलेल्या माणसात ही जोडी बिघडू शकते. धोक्याची वर्दी वारंवार दिली जाते, आणि ती मागे घेणारा भाग मात्र कमी पडतो.

पहिल्या महायुद्धात खंदकांतून परतलेल्या सैनिकांचे थरथरणे, मुके होणे आणि दचकणे पाहून ब्रिटिश डॉक्टर चार्ल्स मायर्स यांनी १९१५ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात अशा रुग्णांविषयी लिहिले. आज ज्याला आघातोत्तर तणाव विकार किंवा पीटीएसडी म्हणतात, त्याला अमेरिकन मानसोपचारतज्ज्ञांच्या अधिकृत निदानपुस्तिकेत १९८० मध्ये स्थान मिळाले. नको असलेली दृश्ये पुन्हा पुन्हा डोळ्यांपुढे येणे, त्यांची आठवण करून देणाऱ्या जागा व माणसे टाळणे, कशातच रस न वाटणे, अपराधीपणा आणि सतत सावध राहणे ही त्याची लक्षणे आहेत, आणि ती महिन्याहून अधिक काळ टिकली तरच हे निदान केले जाते. काही वेळा त्यात स्फोटाच्या दाबलहरीने मेंदूला झालेली दुखापत आणि कानाच्या आतल्या पेशींची हानी यांचीही भर पडलेली असते. असा माणूस कोकणातल्या आपल्या घरी येतो तेव्हा बाहेरच्यांना सगळे शांत वाटते. पण विहिरीसाठी किंवा रस्त्यासाठी फोडलेला सुरुंग, पत्र्यावर पडलेला नारळ, गणपतीतले फटाके आणि पालखीबरोबर अंगणात शिरलेला ढोल यांतला प्रत्येक आवाज त्याच्या शरीराला पुन्हा आघाडीवर नेऊन उभे करू शकतो. याला भित्रेपणा म्हणणे हे अज्ञान आहे आणि अन्यायही.

येथे संगीताचे पहिले काम सुरू होते. संगीत हाही आवाजच आहे, पण पुढच्या क्षणी काय होणार हे त्यात आधी कळते. भजनी ठेका दोन-तीन आवर्तने ऐकला की सम कोठे येणार हे ताल न शिकलेल्या माणसालाही उमगते. ठरावीक अंतराने पडणाऱ्या ठोक्यांबरोबर बोट वाजवायला सांगितले असता माणसांचे बोट बहुधा ठोक्याच्या किंचित आधी, सेकंदाच्या काही शतांश भाग आधी पडते, असे प्रयोगांत सातत्याने आढळले आहे. याचा अर्थ असा की मेंदू ठोका ऐकून मग हालचाल करत नाही, तर तो कधी येणार याचा अंदाज बांधून आधीच तयार असतो. ज्या माणसाच्या मेंदूने प्रत्येक आवाजातून फक्त अनपेक्षित धोक्याचीच अपेक्षा धरायला शिकले आहे, त्याला अंदाज बरोबर ठरण्याचा हा अनुभव मिनिटाला कितीतरी वेळा मिळतो. मोठा आवाज झाला, पण तो अपेक्षित होता आणि त्यातून काही वाईट घडले नाही, हे शरीराला शब्दांनी पटवता येत नाही. ते अनुभवानेच पटते.

तो आवाज स्वतः काढला तर हे आणखी पटते. इस्रायलमधील बार-इलान विद्यापीठाशी संबंधित मोशे बेन्सिमोन, डोरित आमिर आणि युवाल वुल्फ यांनी २००८ मध्ये पीटीएसडी असलेल्या सहा सैनिकांच्या एका गटाचा अभ्यास प्रसिद्ध केला. हे सैनिक संगीतोपचारकाबरोबर एकत्र बसून ढोल-डफासारखी वाद्ये वाजवत. त्यांच्यात परस्परांविषयी जवळीक निर्माण झाली, साठलेला राग बाहेर पडायला वाट मिळाली, नकोशा आठवणींकडे कमी भीतीने पाहता आले आणि स्वतःवरचा ताबा परत येतो आहे असे त्यांना जाणवू लागले, अशी निरीक्षणे त्यात आहेत. सहा जणांवरून सर्वांसाठी नियम काढता येत नाही, पण काठी कोणाच्या हातात आहे यावर बरेच अवलंबून असते, हा मुद्दा त्यातून स्पष्ट होतो. दुसऱ्याने वाजवलेला ढोल अंगावर येतो, पण स्वतः वाजवलेला ढोल हळू करता येतो आणि थांबवताही येतो.

ऐकणे आणि करणे यांतला फरक वेदनेच्या बाबतीतही दिसला आहे. ऑक्सफर्डमधील रॉबिन डनबार आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१२ मध्ये दाखवले की गायल्यानंतर, ढोल वाजवल्यानंतर किंवा नाचल्यानंतर माणसांची वेदना सहन करण्याची मर्यादा वाढते, पण नुसते संगीत ऐकल्याने तसा परिणाम होत नाही. शरीर अशा वेळी स्वतःची वेदनाशामक द्रव्ये, म्हणजे एंडॉर्फिन, सोडत असावे असे त्यांचे स्पष्टीकरण आहे. ऐकणे निरुपयोगी आहे असा याचा अर्थ नव्हे. शस्त्रक्रियेनंतर किंवा खाटेवर पडून राहावे लागणाऱ्या काळात आवडीचे संगीत ऐकल्याने चिंता कमी होते, आणि फिनलंडमध्ये झालेल्या, २००८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात पक्षाघातानंतर दोन महिने रोज आपल्या आवडीचे संगीत ऐकणाऱ्या रुग्णांची शब्दस्मृती इतरांपेक्षा अधिक सुधारली होती. तरीही ज्याला शक्य आहे त्याला मोबाइलवर गाणी लावून देऊन आपले काम झाले असे कुटुंबाने समजू नये.

श्वासाची गोष्ट याहून सोपी आहे. श्वास सोडताना हृदयाची गती किंचित मंदावते आणि घेताना वाढते, कारण मानेतून छाती-पोटाकडे उतरणारा व्हेगस नावाचा मज्जातंतू उच्छ्वासाच्या वेळी हृदयाला अधिक आवरून धरतो. गाताना माणूस झटकन श्वास घेतो आणि ओळ संपेपर्यंत तो हळूहळू सोडतो. ओळ जितकी लांब, तितका उच्छ्वास लांब. इटलीतील संशोधकांनी २००१ मध्ये ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये दाखवले की जपमाळेवरील ख्रिस्ती प्रार्थना किंवा ‘ओम मणि पद्मे हुम’ हा मंत्र म्हणताना श्वासाची गती मिनिटाला सुमारे सहावर येते आणि हृदय व रक्तदाब यांची स्वयंचलित नियंत्रणे अधिक सुरळीत चालतात. स्वीडनमधील गोटेनबर्ग येथे २०१३ मध्ये झालेल्या अभ्यासात एकत्र गाणाऱ्यांच्या हृदयाची गती एकाच वेळी वाढते व मंदावते असे आढळले, कारण ते सर्व एकाच ठिकाणी श्वास घेत होते. विलंबित लयीत अभंग म्हणणारा किंवा नामस्मरण करणारा माणूस नकळत हेच करत असतो. ज्या जवानाला डोळे मिटून प्राणायाम करताना भीती वाटते, आणि पीटीएसडीमध्ये ती अनेकांना वाटते, त्याला डोळे उघडे ठेवून चार माणसांत गाणे जमू शकते.

मानेजवळ मणक्याला इजा झालेल्यांसाठी गाण्याचा उपयोग आणखी वेगळा आहे. त्यांच्या बरगड्यांमधले आणि पोटाचे स्नायू दुबळे होतात, त्यामुळे आवाज क्षीण होतो, खोकला नीट काढता येत नाही आणि छातीचे संसर्ग वारंवार होतात. गाताना श्वासाला मदत करणाऱ्या मानेच्या व वरच्या छातीच्या स्नायूंना मुद्दाम काम पडते, म्हणून फिजिओथेरपीच्या जोडीने गायनाचा सराव देण्याचे प्रयोग झाले आहेत. पुण्याजवळ खडकी येथे १९७४ पासून अर्धांगवायू झालेल्या सैनिकांचे पुनर्वसन केंद्र आहे. चाकाच्या खुर्चीवरून पुढचे आयुष्य काढणाऱ्या या माणसांकडे पाहताना आपण त्यांच्या पायांचाच विचार करतो, त्यांच्या श्वासाचा करत नाही.

आता चालण्याकडे वळू. या बाबतीत पुरावा सर्वांत भक्कम आहे आणि त्यामागची यंत्रणाही बरीच उलगडलेली आहे. कानाकडून येणाऱ्या मज्जामार्गांचे हालचालींवर नियंत्रण ठेवणाऱ्या भागांशी इतके जवळचे संबंध आहेत की ठोका ऐकताच, आपण जागचे हललो नाही तरी, मेंदूचा हालचालींचा भाग सक्रिय होतो. मायकेल थाउट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९० च्या दशकात अमेरिकेतील कोलोराडो राज्य विद्यापीठात यावरून चालण्याच्या प्रशिक्षणाची एक पद्धत उभी केली. तिच्यात रुग्णाची स्वतःची चाल आधी मोजतात, म्हणजे तो मिनिटाला किती पावले टाकतो ते पाहतात. मग नेमक्या त्याच गतीचा ठोका किंवा त्या लयीतले संगीत ऐकवून त्यावर पावले टाकायला सांगतात. पाऊल ठोक्यावर स्थिरावले की गती थोडी, साधारण पाच ते दहा टक्क्यांनी, वाढवतात आणि शेवटी ठोका काढून घेऊन तीच चाल टिकते का ते पाहतात. उपचारांचे पुरावे तपासून पाहणाऱ्या कोक्रेन या आंतरराष्ट्रीय संस्थेने २०१७ मध्ये पक्षाघात व इतर कारणांनी मेंदूला इजा झालेल्या ७७५ रुग्णांवरील २९ चाचण्यांचा आढावा घेतला, तेव्हा अशा तालबद्ध सरावाने चालण्याचा वेग, पावलाची लांबी आणि दोन्ही बाजूंचा समतोल सुधारू शकतो असे दिसून आले.

पाय गमावलेल्या सैनिकाच्या बाबतीत इजा मेंदूला नसून पायाला असते, हा फरक लक्षात ठेवला पाहिजे. पण कृत्रिम पायावर चालायला शिकताना त्याचीही मुख्य अडचण असमतोलाचीच असते. नव्या पायावर विश्वास नसल्यामुळे तो त्यावर कमी वेळ भार देतो आणि चांगल्या पायावर घाईने येतो. कालांतराने त्यामुळे कंबर आणि चांगला गुडघा दुखू लागतो. दोन्ही पावलांना समान वेळ देणारा ठोका कानावर पडत असेल तर ही घाई त्याच्या स्वतःच्या लक्षात येते. कवायतीच्या मैदानावर वर्षानुवर्षे तालावर पावले टाकलेल्या माणसाला ही भाषा नवी नसते. पुण्यातील कृत्रिम अवयव केंद्र १९४४ पासून सैनिकांना हात-पाय बसवून देत आहे, आणि तेथून गावी परतल्यावर सराव सुटतो ही खरी अडचण आहे, विशेषतः कोकणात, जिथे घरापासून रस्त्यापर्यंतची वाट पाखाडीची, चढ-उताराची आणि पावसाळ्यात शेवाळलेली असते. म्हणून सराव आधी पडवीत किंवा मंदिराच्या सपाट सभामंडपात करावा, सोबतीला माणूस असावे आणि गती किती ठेवायची ते फिजिओथेरपिस्टकडून ठरवून घ्यावे.

बोलणे गमावलेल्यांची गोष्ट मला सर्वांत विलक्षण वाटते. डोक्याच्या डाव्या बाजूला गोळीची, स्फोटाच्या तुकड्याची किंवा रक्तस्रावाची इजा झाली की अनेकदा वाचा जाते. माणसाला सगळे समजत असते, काय म्हणायचे तेही ठाऊक असते, पण शब्द तोंडातून येत नाही. अशी माणसे कधीकधी गाऊ शकतात, हे फार पूर्वीच लक्षात आले होते. स्वीडनच्या ओलोफ डालिन यांनी १७४५ मध्येच अशा एका माणसाची नोंद केली, ज्याची वाचा गेली होती पण ओळखीची भजने तो म्हणू शकत असे. आपल्याकडेही पक्षाघातानंतर ‘पाणी’ हा शब्द न उच्चारू शकणारे आजोबा गणपतीची आरती मात्र सर्वांबरोबर म्हणतात, असे पाहिलेली कुटुंबे असतील. बहुतेकांच्या मेंदूत बोलण्याची मुख्य यंत्रणा डाव्या बाजूला असते, तर सुरांचे काम उजवी बाजूही मोठ्या प्रमाणात करते. पावसात सांकव वाहून गेला की पलीकडच्या वाडीतली माणसे लांबच्या वाटेने का होईना बाजाराला पोहोचतात, तसेच काहीसे येथे घडते.

पण आरती म्हणता आली म्हणजे बोलणे परत आले असे नव्हे. पाठ असलेले गाणे संपले की माणूस पुन्हा मुका होतो. या दोहोंमधले अंतर तोडण्यासाठी मार्टिन अल्बर्ट, रॉबर्ट स्पार्क्स आणि नॅन्सी हेल्म यांनी १९७३ मध्ये एक उपचारपद्धती मांडली, आणि ती ज्या बोस्टनमध्ये विकसित झाली तेथले त्यांचे रुग्णालय माजी सैनिकांचेच होते. तिच्यात गाणी म्हणत नाहीत. ‘चहा दे’, ‘मला झोपायचे आहे’ अशी रोजच्या गरजेची लहान वाक्ये दोनच सुरांवर, संथपणे, शब्द ताणून म्हणतात आणि प्रत्येक अक्षराबरोबर रुग्णाचा डावा हात हलकेच आपटतात. सुरुवातीला उपचारक बरोबर म्हणतो, मग तो आपला आवाज कमी करत जातो, मग वाक्य मोठे होते आणि शेवटी सूर काढून टाकून साध्या बोलण्यात ते वाक्य आणले जाते. हे काम आठवड्यांत नव्हे, महिन्यांत मोजावे लागते आणि ते वाचा-उपचारतज्ज्ञाच्या मार्गदर्शनाखालीच करायचे असते, पण घरच्या माणसांनी रोज सराव करून घेतला नाही तर तज्ज्ञालाही मर्यादा पडतात.

संगीतोपचार हा स्वतंत्र व्यवसाय होण्यामागेही जखमी सैनिकच आहेत. दोन्ही महायुद्धांनंतर अमेरिकेतील सैनिकी रुग्णालयांत गायक-वादक येऊन कार्यक्रम करत असत; त्याचा रुग्णांवर परिणाम होतो हे डॉक्टरांना दिसत होते, पण कोणाला काय वाजवून दाखवावे, कोणापुढे काय टाळावे हे कलावंतांना कळण्यासाठी प्रशिक्षणाची गरज आहे हेही दिसत होते. १९४४ मध्ये मिशिगन येथे या विषयाचा पहिला पदवी अभ्यासक्रम सुरू झाला आणि १९५० मध्ये या व्यवसायाची राष्ट्रीय संघटना स्थापन झाली. आज प्रशिक्षित संगीतोपचारक रुग्णाची आधी तपासणी करतो, डॉक्टरांशी बोलून उद्दिष्ट ठरवतो आणि ते किती साधले ते मोजतो. याच्या जोडीने निव्वळ शिकवण्याचे उपक्रमही चालतात. २००७ मध्ये मिलवॉकी शहरात सुरू झालेल्या ‘गिटार्स फॉर व्हेट्स’ या संस्थेत माजी सैनिकाला गिटारचे दहा धडे विनामूल्य मिळतात आणि ते पूर्ण केले की गिटार त्याची होते. त्याच वर्षी संगीतकार आर्थर ब्लूम यांनी वॉशिंग्टनच्या वॉल्टर रीड लष्करी रुग्णालयात ‘म्युझिकॉर्प्स’ सुरू केले, जिथे हात-पाय गमावलेले जवान अशा तयारीने वाजवायला शिकले की त्यांनी पुढे मोठ्या रंगमंचांवर वादन केले. हातच नसेल तर काय, या प्रश्नाला त्याआधीच एक उत्तर मिळालेले होते. पहिल्या महायुद्धात उजवा हात गमावलेले व्हिएन्नाचे पियानोवादक पॉल विट्गेन्स्टाइन यांनी नामवंत संगीतकारांकडून केवळ डाव्या हाताने वाजवण्याच्या रचना करून घेतल्या आणि आपली मैफल पुढे चालू ठेवली.

कोकणात प्रशिक्षित संगीतोपचारक तालुक्याच्या गावी सहज मिळणार नाही, पण ज्या सामग्रीवर तो काम करतो ती आपल्याकडे वाडीवाडीत आहे. बुवांनी ओळ म्हणायची, मागच्यांनी ती उचलायची, पखवाज आणि झांजांनी लय हळूहळू चढवत गजरापर्यंत न्यायची आणि मग खाली आणायची, ही आपल्या भजनाची रचना सावध मनाच्या माणसाला अतिशय सोयीची आहे. काय होणार ते त्यात आधी कळते, कोणी एकट्याने पुढे यावे लागत नाही, आणि काही न बोलता चार माणसांत दोन तास बसता येते. सैन्यातून परतलेल्या माणसाची सर्वांत मोठी उणीव बहुधा तुकडीतल्या सोबत्यांची असते, आणि भजनमंडळ हे गावात उरलेल्या अशा प्रकारच्या मोजक्या संस्थांपैकी एक आहे. येथे उपचार होत नाही, आधार मिळतो, आणि हा फरक मंडळाने मनात स्पष्ट ठेवावा.

थोडी समज मात्र हवी. अशा माणसाला पाठ भिंतीला आणि तोंड दाराकडे राहील अशा जागी बसू द्यावे. पहिल्याच दिवशी त्याला माइकसमोर ओढू नये, ‘मेजर, लढाईत काय झाले ते सांगा’ असा आग्रह तर कधीच धरू नये. टाळ हाती द्यावा आणि लय धरू द्यावी. कानात गुणगुणाट असणाऱ्याला झांजांच्या शेजारी बसवू नये आणि लहानशा खोलीत कर्णे लावू नयेत, कारण आधीच दुखावलेला कान मोठ्या आवाजाने आणखी बिघडतो. एक हात नसलेल्या माणसाला पायपेटी वाजवता येते, कारण तिचा भाता पायाने चालतो. पाय नसलेल्याला हाताची पेटी आहेच, आणि एका हाताने पट्ट्या दाबणाऱ्यासाठी शेजाऱ्याने भाता मारला तरी काम भागते. शिमग्यात पालखी येण्यापूर्वी आणि गणपतीत फटाके लावण्यापूर्वी त्याच्या घरी वेळ कळवून ठेवणे ही दोन मिनिटांची गोष्ट आहे. वेळ माहीत असलेला आवाज आणि अचानक आलेला आवाज यांत त्याच्यासाठी किती अंतर आहे ते वर सांगितलेच आहे. कार्यक्रमानंतरच्या दारूच्या बैठकीपासून त्याला दूर ठेवणे हेही मित्रांचेच काम आहे, कारण झोपेसाठी दारूचा आधार घेण्याची सवय या विकारात फार लवकर जडते.

काही सूर उलट जखम उघडी करतात. बिगुलावर वाजणारी अखेरची मानवंदना, तुकडीत सर्वांनी मिळून म्हटलेले एखादे गाणे किंवा ज्या रात्री सोबती गेला त्या रात्री रेडिओवर लागलेला सूर ऐकून माणूस थरथरू लागला, घामाघूम झाला किंवा समोरच्याला ओळखेनासा झाला, तर गाणे तेथेच थांबवावे, शांतपणे त्याचे नाव घेऊन तो कोठे आहे ते सांगावे आणि प्रश्न विचारू नयेत. गाणे निवडण्याचा अधिकार नेहमी त्याचा असावा. पीटीएसडीवरील संगीतोपचाराचे बहुतेक अभ्यास लहान गटांवर झालेले आहेत, त्यामुळे डॉक्टरांनी दिलेली औषधे आणि समुपदेशन थांबवून केवळ संगीतावर विसंबून राहणे धोक्याचे आहे.

मदत कोठे मागावी हे घरच्यांना माहीत असले पाहिजे. माजी सैनिकांसाठी ईसीएचएस ही आरोग्य योजना २००३ पासून चालू आहे, आणि प्रत्येक जिल्ह्याचे सैनिक कल्याण कार्यालय तिची व इतर सवलतींची माहिती देते. रत्नागिरीत प्रादेशिक मनोरुग्णालय आहे. ‘टेली-मानस’ ही सरकारी दूरध्वनी सेवा १४४१६ या क्रमांकावर रात्रंदिवस विनामूल्य उपलब्ध आहे, आणि सैनिक व त्यांच्या कुटुंबीयांसाठी तिचा खास कक्ष डिसेंबर २०२३ मध्ये पुण्याच्या सशस्त्र सेना वैद्यकीय महाविद्यालयात सुरू झाला. जगणे नको झाले आहे असे त्याने एकदा जरी म्हटले तरी त्याच दिवशी फोन करावा, त्याला एकटे सोडू नये. हा फोन पत्नीलाही करता येतो, आणि अनेकदा तिलाच तो करावा लागतो, कारण रात्री त्याच्या ओरडण्याने जागी होणारी तीच असते आणि तिची स्वतःची झोपही गेलेली असते. डॉक्टरांकडे जाताना तो किती तास झोपतो, कोणत्या आवाजाने दचकतो, दारू किती घेतो, कोणती गाणी स्वतःहून गुणगुणतो आणि कोणते गाणे लागताच उठून बाहेर जातो, हे तिने लिहून न्यावे.